सिंहगडाचा रतीब

आमच्या घरात माणसं चार आणि एके काळी रोज नऊ लिटर दूध येत असे. याला कारण सिंहगड.

हे सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या नातेवाइकांनी या प्रकाराच्या परस्पर तीन-चार आवृत्त्या काढल्या आहेत आणि त्यातल्या एकीतही माझी बाजू नाही.

आम्ही कसबा पेठेतून धायरीला राहायला आलो, ते दिवस असे होते की पुण्यात ज्याच्या घरी एक कॉम्प्युटर इंजिनियर, त्याच्या घरी एक गृहकर्ज. आमची मुग्धा नुकतीच आयटीत लागली होती. मी एका कारखान्याचं स्टोअर्स सांभाळते. तिथे मला विचारल्याशिवाय नटबोल्टही जागचा हलत नाही. त्यामुळे घर हलवण्याची यादी अर्थातच मी केली. तिच्यात सगळ्यात जड वस्तू म्हणजे माझे सासरे, अण्णा.

अण्णांना कसबा सोडायचा नव्हता. पोस्टातून निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी सिंहगड चढत. मग गुडघे गेले, गड बंद झाला आणि उरली ती खोलीची खिडकी. तिच्यातून समोरच्यांची खिडकी दिसे आणि त्यांच्या खिडकीतून आम्ही. मी अण्णांना धायरीचा फ्लॅट दाखवायला नेलं. पहिला मजला (गुडघ्यांसाठी) आणि बाल्कनीत उभं राहिलं की समोर थेट सिंहगड, वरच्या टॉवरसकट. अण्णा बराच वेळ कठडा धरून उभे राहिले.

"हा दिसतोय तोवर मी इथे," ते म्हणाले. "दिसायचा थांबला की मी कसब्यात परत. खोली विकू नका."

कसब्यातला जिना शिडीच्या जातीचा होता. त्या गुडघ्यांनी, त्या जिन्यावर, एकट्याने. आणि अण्णा एकदा बोलले की बोलले. थोडक्यात, गड दिसत राहणं ही माझी जबाबदारी झाली.

आमची बाल्कनी आणि गड यांच्यामध्ये, सोसायटीच्या भिंतीला लागून, बाळूनानांचा म्हशींचा गोठा होता. सोसायटीच्या पहिल्याच वार्षिक सभेत, खाली पार्किंगमध्ये, आमचे चेअरमन लिमये यांनी तोच विषय घेतला.

"या गोठ्यामुळे आपल्या फ्लॅटचे भाव पडतायत. आयटीतले भाडेकरू येतात, बाल्कनीत जातात, म्हैस बघतात आणि परत जातात."

"म्हैस काही बोलते का त्यांना?" अण्णांनी मागच्या खुर्चीवरून विचारलं.

लिमयांनी दुर्लक्ष केलं. त्यांची योजना तयार होती. गोठा हलवण्यासाठी महापालिकेत तक्रार करायची आणि तो हलेपर्यंत भिंतीवर उंच पत्रे ठोकायचे.

"लिमयेकाका, पत्रे लावले तर आमचा सिंहगड जाईल," मी म्हणाले.

"वहिनी, माझा नाही जात." (लिमये बरोबर आमच्याच वर, तिसऱ्या मजल्यावर राहतात.)

"अहो, गडाच्या बाजूचा फ्लॅट म्हणून बिल्डरने आमच्याकडून जादा पैसे घेतलेत."

"मग बिल्डरला विचारा. बायलॉजमध्ये व्ह्यू हा शब्दच नाही."

"म्हैस आहे?"

माणूस असा की त्याने खरोखर पानं उलटून बघितलं. म्हैसही नव्हती, त्यामुळे विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

माझ्या मते प्रश्न सोपा होता. गोठा स्वच्छ झाला की तक्रार संपली आणि तक्रार संपली की पत्रे संपले. दुसऱ्याच दिवशी मी सुधारणांची यादी घेऊन गोठ्यात गेले. नाना धार काढत होते. मी पहिले तीन मुद्दे वाचून दाखवले.

"कशाला ताई?" नाना मान वर न करता म्हणाले. "औंदा गोठाच ऱ्हात न्हाय. बिल्डर रोज गाडी घेऊन दारात येतोय. सात मजली करनार म्हनतो. म्हशी परवडत न्हाईत आता. तुमच्या समद्या बिल्डिंगा पिशवीचं दूध पित्यात."

मी यादीची घडी घातली. सात मजले म्हणजे पत्रे परवडले. पत्र्यांवरून निदान टॉवरचं टोक तरी दिसलं असतं.

"नाना, किती दूध खपलं तर म्हशी परवडतील?"

नानांनी म्हशीकडे बघून हिशेब केला. "वीस लिटरचा रतीब लागला, तर बिल्डरला भाईरच्या भाईर घालवतो."

"लागला समजा," मी म्हणाले. सिंहगड वाचवण्यासाठी वीस लिटर दूध खपवायचं. लोकांनी याहून अवघड गोष्टी केल्या आहेत.

मी सोसायटीतली सगळी दारं वाजवली. सुशिक्षित माणसं दूध न घेण्यासाठी काय काय कारणं शोधतात, याचा मला तोवर अंदाज नव्हता. एकीच्या घरी म्हशीच्या दुधाला साय फार यायची. (हा दोष आहे, हे मला नव्याने कळलं.) दुसरीला सकाळी सहाची बेल नको होती. एका गृहस्थांना म्हशीला नाव आहे का, ते जाणून घ्यायचं होतं; नाव असेल तर त्यांना ते दूध जड जाणार होतं. लिमये म्हणाले, "आम्ही पिशवीचं घेतो. पिशवीचा वास येत नाही." एवढा जिना चढउतार करून रतीब लागला अकरा लिटरचा.

उरलेले नऊ लिटर मी माझ्या नावावर लिहिले. तात्पुरते. (स्टोअर्समध्ये 'तात्पुरतं' लिहिलेलं सामान कसं वर्षानुवर्षं पडून राहतं, हे मला माहीत असायला हवं होतं.)

पहिल्या दिवशी पातेली संपली. दुसऱ्या दिवशी विरजण लागलं, तिसऱ्या दिवशी पनीर झालं, आठवड्याने घरात बरण्या संपल्या म्हणून तूप मुग्धाच्या पाण्याच्या बाटलीत गेलं. माझा नवरा दिलीप मुळात सोशीक माणूस. पण रात्रीची बासुंदी डब्यातही दिसल्यावर तो म्हणाला, "अगं, सिंहगड वाचेल, मी वाचेन का?" मग त्याने गुपचूप तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी दुधाबद्दल विचारलं.

"दोन-अडीच लिटर," दिलीप म्हणाला.

"आठवड्याला ना?"

"दिवसाला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं म्हणे. घरी येऊन त्याने डॉक्टरांची चिठ्ठी फ्रिजवर, माझ्या यादीवर चिकटवली. माझ्या यादीवर.

मुग्धाचं वेगळंच. खवा साठला म्हणून मी तिच्याबरोबर ऑफिसात पेढे पाठवू लागले. रोज. तिच्या मॅनेजरने चार दिवस पेढे खाल्ले आणि पाचव्या दिवशी स्वतःच निष्कर्ष काढला की हिचं लग्न ठरलंय आणि ही लाजून सांगत नाहीये. मग त्याने समजूतदारपणे तिला अमेरिकेच्या यादीतून वगळलं.

"आई, तुझ्या पेढ्यांनी माझं ऑनसाइट गेलं. आय मीन, सिरियसली! हे स्केल होणार नाहीये."

स्केल होणं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मुलीला पेढे वाटले म्हणून अमेरिका रद्द करणारी कंपनी काय लायकीची असेल, एवढंच मी तिला सुनावलं आणि पुढचे पेढे शेजारी पाठवले. (अमेरिकेला ती नंतर गेली. तिथून कळवलं की काळी कॉफी पिते.)

सगळं थांबवावं असं मलाही वाटे. पण संध्याकाळी अण्णा बाल्कनीत खुर्ची टाकत, कप कठड्यावर ठेवत आणि रोज एकच अहवाल देत. "आज ढग आहेत. पण आहे तिथे."

मग मी विरजण लावायला घेई.

अशात नानांची एक म्हैस व्यायली आणि त्यांनी चिकाचा डबा पाठवला. मी गूळ आणि वेलदोडा घालून खरवस केला, वड्या पाडल्या आणि सूड म्हणून एकूण एक घरी पाठवला. पिशवीवाल्यांनाही कळू दे. संध्याकाळी दारात लिमये. हातात आमची वाटी, रिकामी. (भांडं रिकामं परत देऊ नये, ही रीत बहुधा बायलॉजमध्ये नसावी.)

"वहिनी, हे पुन्हा कधी होणार?"

"ते रतीबवाल्यांनाच मिळतं," मी जागच्या जागी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतलं एकही घर पिशवीचं राहिलं नाही. लिमयांनी दोन लिटर लावलं. साय आवडू लागली, सहाची बेल चालू लागली, म्हशीचं नाव विचारणाऱ्या गृहस्थांनी तिच्या पुढच्या बाळंतपणाची चौकशी केली. आमच्या घरी दूध एक लिटरवर आलं आणि दिलीपने पहिल्यांदाच कोरा चहा मागून घेतला.

लोखंड तापलेलं होतं. पुढच्या सभेत मी स्वतःच्या हाताने ठराव लिहून आणला. शेजारच्या जागेवरील गोठा, म्हशी आणि त्या अनुषंगाने येणाऱ्या कोणत्याही गोष्टीबद्दल सोसायटी कधीही तक्रार करणार नाही आणि भिंतीवर पत्रे लावणार नाही. 'कोणत्याही' आणि 'कधीही' हे शब्द मी मुद्दाम घातले. काम करायचं तर पळवाट ठेवू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. बिल्डरची गाडी यायची थांबली. मी त्या कामापुढे बरोबरची खूण केली.

इथे हा लेख संपला असता तर नातेवाइकांना काही बोलायला उरलं नसतं.

पण खरवसाची कीर्ती भिंतीपलीकडे गेली. आजूबाजूच्या बिल्डिंगांनी रतीब लावले. नानांनी सहा म्हशी नव्या घेतल्या. मला फार आनंद झाला. आणि मग एका शनिवारी सकाळी गोठ्यापाशी कडब्याने भरलेला ट्रक येऊन उभा राहिला.

माणसं पेंढ्या फेकत होती, दोघं वर उभे राहून रचत होते. कडब्याची गंज आमच्या भिंतीला लागून, बरोबर आमच्या बाल्कनीसमोर. दुपारपर्यंत गडाचा पायथा गेला. चहाच्या वेळेला वाट गेली. अण्णा कप हातात धरून बघत होते. शेवटची पेंढी टॉवरवर पडली.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "कसब्याची किल्ली कुठे ठेवलीयेस?"

(इथे कुणाला गड आणि सिंहाचा तो विनोद सुचत असेल, तर सांगते, आमच्या सोसायटीत तो प्रत्येकाचा एकदा करून झाला आहे.)

मी तशीच गोठ्यात गेले.

"नाना, ती गंज पलीकडे घ्या."

"पलीकडं नव्या म्हशी बांधल्यात ताई. तुमच्याच रतिबाच्या."

"मग खाली कधी येईल ती?"

"रोज खात्यात की. पन संपायच्या आत दुसरी गाडी येती. मी सांगूनच ठेवलंय." नाना मनापासून हसले. "तुमाला दूध कमी पडू देनार न्हाय. तुमच्यामुळं तर हाय समदं."

त्या माणसावर रागावता येईना, म्हणून मी लिमयांकडे गेले. सोसायटीने ताबडतोब पत्र द्यायला हवं, असं बजावलं. लिमयांनी सभेचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि शांतपणे वाचलं.

"'त्या अनुषंगाने येणाऱ्या कोणत्याही गोष्टीबद्दल.' कडबा येतो यात. आणि 'कधीही'. भाषा फार पक्की आहे, वहिनी. कोणी लिहिली?"

"अहो काका, अण्णांनी पिशवी भरायला घेतलीये! तो जिना चढणार आहेत ते."

लिमयांनी पुस्तक मिटलं. बाल्कनीकडे बघितलं. तिथे दोन खुर्च्या होत्या आणि त्यांच्या पत्नी जाऊन तीन वर्षं झाली होती.

"त्यांना संध्याकाळी वर पाठवा," ते म्हणाले. "लिफ्ट आहे. इथून पूर्ण दिसतो."

अण्णा त्याच संध्याकाळी गेले आणि रोज जाऊ लागले. पिशवी पुन्हा माळ्यावर गेली. गड ज्याला व्ह्यूच मान्य नव्हता त्याच्या बाल्कनीतून दिसतो, कडबा माझ्या. आणि साडेपाचला इंटरकॉम वाजतो.

"वहिनी, अण्णांसाठी चहा टाकतोय. आमचं दूध विरजणाला गेलं. जरा अर्धा लिटर आणा."

सोसायटीची लिफ्ट अण्णांपुरती चालते, माझ्या वेळेला बंद असते. मी कॅन आणि माप घेऊन जिना चढते. परवा तिसऱ्या मजल्यावर लिमयांच्या समोरचं दार उघडलं. नवीन भाडेकरू, आयटीतली मुलगी, कानाला फोन. तिने माझ्याकडे बघितलं, कॅनकडे बघितलं आणि आतून पातेलं आणून पुढे धरलं.

"मौसी, हमें भी आधा लीटर. रोज."

मी तिला अर्धा लिटर मोजून घातलं आणि उद्यापासून सहाची बेल चालेल का, तेही विचारून घेतलं.