झोप लागली तर घर पास

आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. नकाशे निदान रद्दीत तरी देता येतात!

आमचं ऑफिस हैदराबादला, तारनाक्यात. वीज-पाणी कमी लागेल अशी घरं आम्ही बांधतो. शैला मॅडम बॉस, जुन्या हैदराबादी मराठी घराण्यातल्या. श्रीनिवास इंजिनिअर. आणि पुण्याहून आलेली मी, सगळ्याला ‘का?’ विचारणारी.

*

एका क्लायंटला पश्चिमेकडे अख्खी काचेची भिंत हवी होती. अगदी ऑफिससारखी!

मॅडम वाद घालत नाहीत. त्यांनी त्याला खाली नेलं, उन्हात तापलेल्या आपल्या गाडीत बसवलं आणि काचा वर केल्या. “बसा. तुमचा हॉल असाच होणार.”

तो लगेच दार उघडून बाहेर. “मॅडम, खिडकी छोटी में छोटी कितनी कर सकते?”

*

आबिड्सच्या एका जुन्या घराच्या गच्चीला आम्ही पांढरा रंग दिला. खोली किती गार होते ते बघायला श्रीनिवासनं खाली तापमान मोजायचं यंत्र ठेवलं. आकडे इतके सुंदर आले, की तो फोटो काढून सगळ्यांना पाठवत सुटला.

मला राहवेना. नुसत्या रंगानं एवढं गार? जाऊन बघते, तर यंत्र माठाला टेकवून ठेवलेलं! घरचे आजोबा म्हणाले, “इत्ती गर्मी में बेचारा तप रहा था!”

*

कुकटपल्लीत पुण्याच्या एका आयटीवाल्या जोडप्याच्या घरी अंघोळीचं पाणी गाळून केळींना सोडलंय. घड असे लगडले की बघत राहावं. सासूबाई पुण्याहून आल्या, घडाकडे बघत म्हणाल्या, “आपल्या अंघोळीचं चालेल गं. पण पाहुण्यांच्या?”

आता पाहुणे आले, की त्या घरी केळींना उपास घडतो.

*

मॅडमचा एक नेम आहे. घर ताब्यात द्यायच्या आधी, मे महिन्यातल्या भर दुपारी, नुसत्या पंख्याखाली त्या तिथे चटई टाकून झोपतात. झोप लागली तर घर पास. श्रीनिवासनं यंत्र पुढे केलं की म्हणतात, “ह्याला झोप येते का रे?”

रेड्डीगारूंच्या, म्हणजे आपल्या भाषेत रेड्डीसाहेबांच्या, घरी मात्र त्यांच्या अम्मांनी अट घातली. “मेरा घर है, मैं सोती!” त्यांना झोप लागली नाही, तर खोलीत एसी आणि मधल्या उघड्या चौकावर पत्रा. म्हणजे हवा खेळायची वाटच बंद. त्या चौकासाठी मॅडमनी जीव ओतला होता. रेड्डीगारूंनी तर एसी मागवूनच ठेवला.

त्या दुपारी अम्मा खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. मॅडम चौकातल्या भिंतीला टेकून बसल्या. दुसऱ्याच्या घरी हमखास झोपणाऱ्या आमच्या मॅडमचा त्या दिवशी डोळ्याला डोळा लागेना! मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात एसी बसवणारे दोघं खोकं घेऊन आले, घामानं निथळत. “अम्मा उठेपर्यंत थांबा,” म्हणून रेड्डीगारूंनी त्यांना पाणी देऊन चौकाच्या कडेला बसवलं.

उन्हं कलली तरी दार बंदच. शेवटी अम्मा बाहेर आल्या, त्या गालावर चटईचे वळ घेऊन.

रेड्डीगारू लगबगीनं एसीवाल्यांना हाक मारायला निघाले. दोघंही खोक्याला टेकून घोरत होते. अम्मांनी मुलाचा हात धरला.

“नक्को उठा रे उनको. अच्छी नींद लगी.”