विचारून बसणारा साडू

या जगात एखादी जागा खरोखर मोकळी असू शकते, यावर माझ्या साडूचा कधीच विश्वास बसला नाही. त्याला सुधारण्याची आशा आमच्या सासुरवाडीने केव्हाच सोडून दिली होती.

तो पांढरकवड्याला राहतो आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे काम करतो. दवाखान्यात रोग्याच्या खाटेशेजारी जी यंत्रे असतात, त्यांच्या अगदी तळाशी कर्नेल नावाचा प्रोग्राम चालतो. कोणाला मेमरीत किती जागा द्यायची, काम झाले की ती कधी परत घ्यायची, हे तोच ठरवतो. पण या कर्नेलचाच एखादा भाग कधी परत केलेल्या जागेवर पुन्हा लिहून जातो, कधी शेजारच्या हद्दीत घुसतो, आणि यंत्र भलतेच काही दाखवू लागते. अशी चूक जागच्या जागी पकडणारी तपासणी कर्नेलमध्ये बसवायची, हे साडूचे काम.

काम कामापुरते ठेवावे एवढी अक्कल मात्र देवाने त्याला दिली नाही. आमच्याकडे आला की रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहून विचारणार, "भाऊ, हे खुर्ची मोकळी हाये ना? बसू?" घरात आम्ही दोघेच असलो तरी माझ्या तोंडून "बस" निघाल्याशिवाय टेकणार नाही. ढाणकीच्या एका लग्नात त्याने पंगतीत आपल्या दोन्ही बाजूंची पाने रिकामी ठेवायला लावली, कोणाचे वरण कोणाच्या हद्दीत जाऊ नये म्हणून. समोरचा पाहुणा जेवून उठला, तर हा त्या जागेवर आपला दुपट्टा टाकून मोकळा. नवरदेवाचा मामा ताटकळत उभा. "अहो, उठला ना तो माणूस!" मामा ओरडला. "उठला, पण परत आला तं? आपलीच जागा समजून बसन ना तुमच्या मांडीवर!" मामाने त्या लग्नात पाणीसुद्धा घेतले नाही. मेहुणी कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढं तपासता, मंग मले पाहाले आलते तवा काहून नाही तपासलं?" हा गंभीरपणे म्हणाला, "तपासलं होतं." ती लाजली, आणि आमचा उरलासुरला आधारही गेला.

कामातही त्याने तेच केले. कोणती जागा मोकळी नि कोणती दिलेली, हे तपासणी ज्यात बघते तो मेमरीचा नकाशा तयार व्हायच्या आधी ज्या ओळी चालतात, त्यांनाही याने तपासणी लावली. पहिल्या ओळीपासून कोणावरच भरवसा नको! नकाशाच नाही, तर तपासणी बघणार कशात? यंत्र सुरूच होईना. सगळा उन्हाळा तो काळ्या पडद्यासमोर बसून होता. शेवटी सुरुवातीच्या ओळी न तपासता सोडाव्या लागल्या, तेव्हा घरात सुतक असल्यासारखा वावरला. मग एक दिवस तपासणीने खरी चूक पकडली आणि याने गल्लीभर पेढे वाटले. चूक झाली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण तपासणीने यंत्र फार हळू चालू लागले. ती कंपनीतल्या चाचणीपुरती ठेवायची आणि दवाखान्यात जाणाऱ्या यंत्रांतून काढून टाकायची, असे वरच्यांनी ठरवले. साडूने फोनवर खूप समजावले. "चाचणीत नाही सापडली अन् रोग्याच्या खाटेपाशी झाली, तं कोण पाहीन साहेब?" साहेबांचेही काही चुकत नव्हते, त्यांना यंत्र वेगात हवे होते. तपासणी निघाली.

पुढच्या रविवारी तो आमच्याकडे आला आणि काही न विचारता, न पाहता खुर्चीत बसला. खुर्चीवर माझा चष्मा होता. काच फुटल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. "राहू दे," मी म्हणालो. तो उठलासुद्धा नाही. मला फार वाईट वाटले, चष्म्याचे नव्हे.

आता नवा चष्मा केला आहे. साडू यायचा असला की मी चष्मा मुद्दाम त्याच खुर्चीवर ठेवतो आणि तो दारातून आत आल्यापासून, विचारील या आशेने, त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. आतापर्यंत दोन चष्मे गेले.