उंच गेला की आऊट

शुक्रवारचा विज्ञानाचा तास मी मैदानात घ्यायचे. घाटकोपरच्या आमच्या शाळेचं मैदान ते कसलं, शाळेची इमारत आणि शेजारच्या सोसायटीची भिंत यांच्यात उरलेली जागा. तिथे मुलं नुसती हुंदडतात, शिकत काही नाहीत, अशी मोठ्या बाईंची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची, पक्की खात्री.

"या शुक्रवारी मी येते बघायला. प्रयोग जमला तर ठीक, नाहीतर तास वर्गात."

आठवड्यातल्या त्या एका तासावर माझा जीव होता.

शुक्रवारी मोठ्या बाई मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. प्रयोग साधा होता. टेनिसचा चेंडू आधी सरळ फेकायचा, मग तिरका वर. पडेल तिथे खडूची खूण. तिरका लांब जातो, हे मुलांनी स्वतः शोधायचं. पण पहिल्या मुलीने दोन्ही वेळा सरळच फेकला. पुढच्यानेही तेच केलं. सगळ्या खुणा एकाच ठिकाणी गोळा झाल्या आणि माझं डोकं तापलं.

"अगं, वर बघून फेक ना!" मी पहिल्या मुलीला म्हटलं.

"बाई, आमच्याकडे उंच गेला की आऊट असतो," तिने माझी समजूत घातली. "आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बॉल परत देत नाहीत."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये खेळून वाढलेले हात, ते वर जाणार कसे? मी गुरुत्वाकर्षण शिकवत होते आणि यांना धाक काकूंचा.

मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या. गेला आपला तास, मी मनात म्हटलं. त्यांनी पदर खोचला, चेंडू घेतला आणि तिरका भिरकावला. तो सगळ्या खुणांवरून, भिंतीवरून थेट सोसायटीच्या एका गॅलरीत गेला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"आऊट," अख्खा वर्ग म्हणाला.

"पण लांब गेला ना? का गेला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"जास्त वेळ हवेत राहिला," तीच मुलगी म्हणाली, "आणि तेवढा वेळ पुढेही जात राहिला."

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. ती मात्र मोठ्या बाईंकडे बघत होती.

"बाई, जो फेकतो त्यानेच आणायचा असतो."

मोठ्या बाई मुकाट्याने फाटकाबाहेर गेल्या. बऱ्याच वेळाने परतल्या, त्या रिकाम्या हातांनी.

"इथल्या काकूही देत नाहीत," त्या मला म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी दोन चेंडू आणा."