पापडीहून आणलेले सहा एंजल

समोर चालवून दाखवल्याशिवाय मी कुठलीही वस्तू घेत नाही. ही सवय मला माझ्या चुलतभावाने लावली. गोखिवऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये मी धंदा सुरू केला, तेव्हा त्याने सुटे भाग दाबून काढायची आपली जुनी प्रेस मशीन माझ्या गळ्यात मारली. "घरचाच आहेस, चालवून काय बघतोस?" म्हणाला. चौथ्या दिवशी रंगाखालचा तडा दिसला. आजही एखाद्या लग्नात तो हसत येऊन पाठीवर थाप मारतो आणि माझं जेवणावरचं मन उडतं. तेव्हापासून पंखा असो की टेम्पो, मी आधी चालवून बघतो, मग भाव पाडतो.

मासेही मी तसेच घेतले.

मुलगी आठवीत. फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिने तीन आठवडे काचेची टाकी नुसती पाण्याने भरून ठेवली होती, आत पंप चालू. मी चिडायचो, "मासा नाही तर हवा कोणाला देतेस?" ती म्हणायची, "पप्पा, पाणी मुरावं लागतं. आपल्याकडे टँकरचं येतं, त्यात ब्लीचिंग असतं." शेवटी एकदाचं तिचं पाणी मुरलं.

सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी पापडीच्या एका गृहस्थांचा नंबर टाकला होता. निवृत्त माणूस. वाडीतल्या हौदात आणि पडवीतल्या टाक्यांत त्यांनी आयुष्यभर मासे वाढवले होते. महिन्याच्या शेवटी ते नवराबायको कायमचे मुलाकडे परदेशी चालले होते. त्याआधी सगळे मासे चांगल्या घरी जावेत, म्हणून ते अगदी कमी भावात देत होते. रविवारी मुलीचा क्लास होता, म्हणून मी एकटाच गेलो.

सहा लहान एंजल मासे त्यांनी वेगळे काढून ठेवले होते. "कालपासून उपाशी ठेवलेत," ते म्हणाले. "प्रवासाला पोट रिकामं असलेलं बरं. पिशवीत घाण होत नाही."

माझ्या डोक्यात लगेच शंका आली. "काका, आजारी मासा खात नाही, एवढं मलाही कळतं. खाऊन दाखवू दे."

"अहो, मासा आहे तो, मोटर नाही."

"म्हणूनच म्हणतो. मोटर बिघडली तर मी दुरुस्त करीन."

ते हसले. मी हसलो नाही. "लपवायचं काही नसेल तर टाका की खायला," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. आत त्यांच्या पत्नी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, पण हा माणूस जाऊ दे, असंच त्या म्हणत असाव्यात. काकांनी डबा उघडून चिमूटभर दाणे टाकले. मासे तुटून पडले. "अजून टाका," मी म्हणालो. त्यांनी अजून टाकले.

"आता आज नेऊ नका," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी या."

"मला दुसरे धंदे नाहीत का, काका?"

मग त्यांनी दोन पिशव्यांत तीन-तीन मासे भरले, पाणी थोडं, हवा जास्त. रबर लावताना दोनदा सांगितलं, "सरळ घरी न्या. कुठे थांबू नका." मी निघताना एक पाणवनस्पती फुकट मागून घेतली.

आणि गोखिवऱ्याला थांबलो. एका गिऱ्हाइकाने माल परत पाठवला होता. पाच मिनिटांचं काम म्हणून आत गेलो आणि दीड तास भांडलो. पिशव्या उन्हात गाडीच्या सीटवर होत्या.

घरी मुलीने पिशवी उजेडात धरली. पाणी गढूळ झालं होतं, आत विष्ठेचे धागे तरंगत होते आणि मासे वर येऊन तोंड उघडत होते.

"पप्पा, यांना निघताना खायला दिलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. गिऱ्हाइकाला म्हणतो तितक्या सहज.

तिने सगळं नीट केलं. दिवा बंद करून पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, वाटीवाटीने टाकीचं पाणी आत घातलं, मासे जाळीने उचलले, पिशवीचं पाणी टाकीत जाऊ दिलं नाही. संध्याकाळी दोन मेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन. एक पंपामागच्या कोपऱ्यात राहिला.

"माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

"तुझं काही नाही. म्हाताऱ्याने आजारी माल खपवला."

ती रडली नाही. फोन घेऊन तिने ग्रुपवर लिहिलं की पापडीच्या काकांकडून मासे घेऊ नका, ते आजारी मासे देतात. मला वाचून दाखवलं. "बरोबर आहे ना, पप्पा?" मी म्हणालो, "टाक."

येत्या रविवारी आमच्या इमारतीतली दोन कुटुंबं त्यांच्याकडे जाणार होती. दोघांनी तिचे आभार मानले आणि जाणं रद्द केलं. त्यातल्या एकाने लिहिलं, 'काकांचा फोन आला होता, विचारत होते काय झालं. चाळीसेक मासे उरलेत म्हणे, निघायला दोन आठवडे.' हे मी शेडमध्ये बसून वाचलं. चुलतभाऊ निदान स्वतःच्या मालाबद्दल खोटं बोलला होता. मी दुसऱ्याच्या चांगल्या मालाला खोटं ठरवलं होतं, आणि तेही मुलीच्या हातून.

बुधवारी जेवताना ती म्हणाली, "उरलेला काही खात नाही. काकांनाच विचारू का?"

"नको," मी म्हणालो.

"पण तो जगायला हवा ना!"

तेव्हा मी सांगितलं. खायला घालायला लावलं ते, आणि दीड तास थांबलो ते. ती ताटावरून उठली नाही, फक्त जेवायची थांबली. मी घाईने म्हणालो, "मी काकांना फोन करून माफी मागतो. ग्रुपवर कशाला?"

"ग्रुपवर माझ्या नावाने गेलंय."

"मग गैरसमज झाला म्हणून लिही."

"गैरसमज कुठे झाला होता?" तिने फोन माझ्याकडे सरकवला. "तुम्ही लिहा."

मी लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं त्यात ट्रॅफिक होतं, ऊन होतं. तिने वाचून फोन परत दिला. दुसऱ्यांदा फक्त मी उरलो. मग एकाने विचारलं, 'म्हणजे रविवारी जायला हरकत नाही ना?'

काकांना मी गॅलरीत जाऊन फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती राहिले?"

"एक."

"दोन दिवस काही देऊ नका. लपायला ती वनस्पती आहेच, ती माशाच्या बाजूला सरकवा." मग म्हणाले, "मीही द्यायला नको होतं खायला. पण तुमचा आवाज चढला, ही घाबरली, म्हटलं देऊन मोकळं व्हावं."

मी आयुष्यभर आवाज चढवूनच भाव पाडले. पलीकडच्या माणसाच्या घरात त्याने काय होतं, हे कोणी असं सरळ सांगितलं नव्हतं.

रविवारी दोन्ही कुटुंबं पापडीला निघाली. मी गाडीची किल्ली घेतली. मुलगी त्यांच्या गाडीकडे वळली.

"आपल्या गाडीत जागा आहे की," मी म्हणालो.

"पप्पा, तुम्ही आलात तर काकी परत घाबरतील."

ती ते रागाने बोलली नाही. मी वर येऊन किल्ली खुंटीला लावली.