नानांची उलटतपासणी

१८ नोव्हेंबर, मंगळवार. अंबडच्या आमच्या कारखान्यातली सुट्या भागांची सगळी ड्रॉइंग्ज जुन्या सर्व्हरवरून नव्यावर कॉपी करायला लावली आहेत. टर्मिनलवर दिलेली कमांड पाच-सहा तास चालेल. संपली की माझ्या फोनवर चॅटमध्ये मेसेज येईल. उद्या अकराला जुनं मशीन भंगारात जाणार. ड्रॉइंग्जची दुसरी प्रत कुठेही नाही. म्हणून सकाळपासून नाना आठवताहेत.

नानांइतका संशयी माणूस मी पाहिला नाही. आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, पण मूळचे लेथवर सुटे भाग घडवणारे टर्नर. विभागाला कुलूप लावून ते स्वतः तीनदा ओढायचे आणि मग मला म्हणायचे, "आता तुम्ही ओढा, बाई. माझा हात मलाच फसवतो."

मोठी कमांड चालू असली की ते स्क्रीनसमोरून हलायचे नाहीत. डबाही तिथेच. त्यांची सुटका करावी म्हणून मी पहिल्यांदा मेसेजची सोय केली. त्या दिवशी बॅकअप चालू होता. फोन वाजला.

"नाना, झालं बघा. उठा आता."

"कोण म्हणतंय झालं?"

"मेसेज आलाय ना!"

"पाठवला कोणी? त्याच मशीननं. ज्यानं काम केलं त्याचीच साक्ष? पीस आपण मोजायचा असतो, बाई. मशीनला विचारायचं नसतं."

त्यांनी बॅकअपची फाइल उघडली. अर्धवट! डिस्क भरल्यामुळे कमांड मध्येच बंद पडली होती, आणि ती कशीही थांबली तरी 'पूर्ण' असाच मेसेज जाईल, असं मीच जोडून ठेवलं होतं. नाना रागावले नाहीत. "आवाज मात्र लय गोड हाय त्याचा," एवढंच म्हणाले. मला ते दोन दिवस झोंबत होतं.

निवृत्त होऊन ते पिंपळगावला गेले. मी फोनवर सांगितलं, "नाना, आता चूक झाली तर वेगळा मेसेज येतो."

"मग तर जास्तच सांभाळा."

मागच्या वर्षी ते गेले. मी दहाव्याला जाऊन आले, दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले.

आज साडेचारला मेसेज आला: 'पूर्ण. एकही चूक नाही.'

बुधवार. आठलाच कारखान्यात आले. जुन्या मशीनची नेटवर्कची वायर काढली आणि नव्या सर्व्हरवरची ड्रॉइंग्ज उघडत गेले. सर्वांत जुन्या फोल्डरमधलं एकही उघडेना. तिथे ड्रॉइंग्ज नव्हतीच, जुन्या मशीनकडे बोट दाखवणारे शॉर्टकट तेवढे आले होते. भंगारवाल्याला फोन करून सांगितलं, आज येऊ नका. मग वायर जोडली आणि तो फोल्डर पुन्हा कॉपीला लावला. मेसेज लावला नाही.