तारतंत्री गुलाब तोताराम

भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठच्या एका गावात, गुलाबभाऊ बिऱ्हाड्यांचा हात लागल्याशिवाय एकही मोटार पाणी ओढत नव्हती आणि एकही लग्नाचा मांडव उजळत नव्हता. तरीही सरकारच्या दृष्टीने ते विजेचं काम करणारे नव्हतेच. सरकारी कागदावर वायरमनला तारतंत्री म्हणतात, आणि तारतंत्री व्हायचं तर परवाना लागतो. तो गुलाबभाऊंकडे तीस वर्षं नव्हता. गावात कोणी विचारला नव्हता. वायर जोडणाऱ्याकडे कागद मागायचा म्हणजे पोहणाऱ्याकडे नदीची पावती मागण्यातला प्रकार, असं गावाचं मत होतं.

अडचण फक्त नवीन मीटर घेताना यायची. तेव्हा टेस्ट रिपोर्ट नावाचा एक कागद लागतो आणि त्याच्या तळाशी एक ओळ असते: काम करणाऱ्या तारतंत्रीची सही व परवाना क्रमांक. काम गुलाबभाऊंचं असायचं आणि त्या ओळीत सही असायची सुयशची. सुयश हा भडगावचे ठेकेदार प्रेमराजशेठ यांचा भाचा. त्याच्याजवळ खराखुरा परवाना होता, पण तो दिवसभर जळगावात मेहुण्याच्या कापडदुकानात बसून साड्या उलगडायचा. पक्कड त्याने शेवटची कधी धरली होती हे त्याला स्वतःलाही आठवत नसावं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. पण सही मात्र फर्डी करायचा, खाली दोन टिंबं देऊन.

गुलाबभाऊंना याचं कधी काही वाटलं नाही असं ते सांगायचे. ते खोटं होतं. घरी येऊन ते जुन्या वहीच्या मागच्या पानावर आपली सही गिरवून बघायचे, हे त्यांच्या बायकोला, द्रौपदाबाईंना, ठाऊक होतं.

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. शेतातली लाईट वेळापत्रकावर येते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री, मध्ये वार बदलतात. गुलाबभाऊंना हे वेळापत्रक तोंडपाठ होतं, शिवाय त्याची एक प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली प्रत शर्टाच्या खिशात असायची. कोणाचा स्टार्टर बिघडला की ते आधी वार विचारायचे, मग मनगटावरचं घड्याळ बघायचे, आणि लाईट यायला अजून दीड तास आहे असं दिसलं की सरळ पेटीत हात घालायचे. मेन बंद करणं, फ्यूज काढणं, टेस्टर लावून बघणं या गोष्टी त्यांनी कधी केल्याच नाहीत. जी लाईट मुळात नाहीच ती बंद काय करायची? वेळापत्रकाने त्यांना तीस वर्षांत दोनदाच दगा दिला होता. त्यातल्या एका वेळी ते केळीच्या बागेत पाच फूट लांब जाऊन पडले होते. दोष त्यांनी वेळापत्रकाला दिला नाही, लीप वर्षाला दिला.

तर गावात वर्गणी काढून बुद्धविहार बांधला गेला. त्याचं सगळं वायरिंग गुलाबभाऊंनी एक पैसा न घेता केलं. अशोक विजयादशमीला उद्घाटन करायचं ठरलं होतं. मीटरचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा गुलाबभाऊ सवयीने म्हणाले की टेस्ट रिपोर्ट प्रेमराजशेठकडून आणतो, सुयश सही करेल. विहार समितीचे अध्यक्ष जीवराम आबा चष्मा पुसत होते. ते निवृत्त शिक्षक, आणि त्यांच्यापुढे अजूनही गाव पाटी घेऊन बसल्यासारखं बसतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं की या सुयशने विहार पाहिला तरी आहे का. नाही, हे उघड होतं.

"पंचशील म्हनतस आपन दर पुनमले," आबा म्हणाले. "खोटं बोलसूत नही असं म्हनतस. मंग खोटी सही करीसन बुद्धाना घरमा लाईट लावानी का? काम गुलाबनं शे, तं सही बी गुलाबनी जोयजे."

"आबा, मनाकडे परवाना नही शे," गुलाबभाऊ म्हणाले.

"मंग काढ."

आबांनी पुढचा विषय घेतला, तो चपला ठेवायच्या मांडणीचा होता. गुलाबभाऊंना मात्र घरी चालत जाताना पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. पहिल्यांदा कोणीतरी चारचौघांत त्यांची सही मागितली होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसाला एवढा आनंद झाला की मागोमाग भीतीही वाटते, तशी ती वाटली.

त्यांची मुलगी मयुरी आयटीआय करून शिरपूरच्या एका सूतगिरणीत वीजतंत्री म्हणून लागली होती. तिचा परवाना पहिल्याच फटक्यात निघाला होता. तिने बापाचा अर्ज भरला, प्रेमराजशेठकडून अनुभवाचा दाखला मिळवला आणि दर रविवारी गावी येऊन बापाला शिकवायला बसली. शेठने दाखला हसत हसत दिला, कारण गुलाबभाऊ पास होतील असं त्याला स्वप्नातही वाटत नव्हतं. मयुरी विचारायची, कामाला हात लावण्यापूर्वी पहिली गोष्ट कोणती? गुलाबभाऊ डोळे मिटून घडाघड म्हणायचे: मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावा, टेस्टरने खात्री करावी, काम चालू असल्याची पाटी लावावी. द्रौपदाबाईंना चुलीपुढे बसून तेच पाठ झालं.

ऑगस्टमध्ये धुळ्याला परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत परीक्षक साहेबांनी नेमका तोच प्रश्न विचारला आणि गुलाबभाऊंनी असं उत्तर दिलं की साहेब मान डोलवू लागले. मग प्रात्यक्षिक. टेबलावर एक बोर्ड होता, त्यात दोष होता, तो शोधून दुरुस्त करायचा होता. मेन स्विच हाताच्या अंतरावर भिंतीवर होता, लाल दिवा लागलेला.

गुलाबभाऊंनी बाह्या सरसावल्या. खिशातून वेळापत्रक काढलं. घड्याळ पाहिलं. साहेबांना अदबीने विचारलं, "आज मंगळवारच ना?" साहेब हो म्हणाले. मंगळवारी दुपारी साडेबारापर्यंत लाईट नसते. गुलाबभाऊंनी स्क्रू काढले आणि बोर्डात हात घातला.

धुळे शहरात मंगळवारी साडेदहाला लाईट असते, हे त्यांना त्या क्षणी कळलं. भिंतीवरच्या संरक्षक खटक्याने वेळेवर पुरवठा तोडला म्हणून फक्त झिणझिण्यांवर निभावलं, पण पक्कड उडाली ती साहेबांच्या चहात पडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी पक्कड चहातून काढून पुसून परत दिली आणि शांतपणे म्हणाले, "तुम्हाला सगळं येतं. पण तुम्हाला परवाना दिला तर तुमच्या घरच्यांना मी काय सांगू?"

बसमध्ये भडगावपर्यंत गुलाबभाऊ आपल्या हातांकडेच बघत बसले. जे पाठ केलं होतं ते तोंडाने केलं होतं. हाताला कोणी शिकवलंच नव्हतं.

घरी पोचताच ते जीवराम आबांकडे गेले आणि म्हणाले, माझ्यापायी विहार अंधारात राहायला नको, सुयशची सही घ्या. आबांनी त्यांना पाणी दिलं आणि पुढची परीक्षा कधी आहे ते विचारलं. मार्चमध्ये, असं कळल्यावर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटवलं आणि उद्घाटन वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला नेलं. समितीत कुरकुर झाली, पण आबांसमोर कुरकुर ही बसल्याजागी करायची गोष्ट असते.

यापेक्षा आबांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आता सगळं गाव गुलाबभाऊंच्या परीक्षेसाठी खोळंबलं होतं. दाढी करायला गेले तरी न्हावी विचारायचा, अभ्यास कुठवर आला. ज्याची मोटार जळाली तोसुद्धा मोटारीआधी मार्चची चौकशी करायचा.

त्या रविवारी मयुरीने वह्यापुस्तकं उघडलीच नाहीत. तिने बापाच्या खिशातून वेळापत्रक काढून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, हाई कोनी लिखेल शे तुम्हले माहीत शे का? त्याना भरोसावर तुम्ही तीस वरीस हात घालतस. माले भ्याव वाटस." तिचे डोळे भरले होते. गुलाबभाऊंना केळीच्या बागेतला तो दिवस आठवला. मयुरी तेव्हा तिसरीत होती, आणि ते शुद्धीवर आले तेव्हा तीच त्यांचे तळपाय चोळत होती. हे ते विसरले होते, ती विसरली नव्हती. त्यांनी वेळापत्रक परत मागितलं नाही.

त्यानंतर बिऱ्हाड्यांच्या घरात जे सुरू झालं त्याला शिक्षण म्हणावं की छळ, हे ज्याने त्याने ठरवावं. नियम असा, की घरातलं कुठलंही विजेचं काम, अगदी बल्ब बदलणंसुद्धा, सगळ्या पायऱ्या केल्याशिवाय करायचं नाही. मयुरी शिरपूरला असताना देखरेख द्रौपदाबाईंची. पहिले आठ दिवस त्यांनी कपाळाला हात लावला. चटणी मिक्सरमध्ये अर्धी वाटून झालेली असायची आणि गुलाबभाऊ मेन पाडायचे. एकदा गावात सकाळपासून लाईट नव्हती, तरी त्यांनी फ्यूज काढला, खिशात टाकला, टेस्टर लावला आणि खडूने लिहिलेली पाटी टांगली, तेव्हा बाई म्हणाल्या की नसलेल्या लाईटीचं एवढं सोवळं कोणी पाळलेलं पाहिलं नाही. पण माणसाच्या हाती काठी दिली की तो हळूहळू शिपाई होतो. दिवाळीपर्यंत द्रौपदाबाई इतक्या कडक झाल्या की गुलाबभाऊ स्टुलावर चढले की खालून आवाज यायचा, "टेस्टर कोठे शे?" आणि ते निमूट उतरायचे.

मार्चमध्ये पुन्हा धुळं. साहेब तेच, टेबल तेच. गुलाबभाऊंनी मेन बंद केला. फ्यूज काढून खिशात टाकला. टेस्टर आधी भिंतीवरच्या दुसऱ्या, चालू पॉइंटवर लावून तो धड आहे का ते पाहिलं, मग बोर्डावर लावला. घरून आणलेली पाटी टांगली. शेजारच्या टेबलावरची पोरं हसू लागली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

ते दोष शोधत असतानाच इमारतीतली लाईट गेली. पंखे थांबले. साहेबांनी वैतागून कपाळ पुसलं आणि वेळ फुकट जायला नको म्हणून शेजारच्या टेबलाशी गेले. तिथल्या पोराचा बोर्ड उघडा होता. त्यातली एक ढिली तार त्याला दाखवायला त्यांनी बोट पुढे केलं.

गुलाबभाऊंनी त्यांचं मनगट धरलं. आपण कोणाचं मनगट धरलंय हे त्यांना धरल्यावर कळलं.

"साहेब, आधी मेन बंद करा."

"अहो, लाईट गेलीय."

"गेलेली लाईट परत येताना कोणाला विचारत नाही, साहेब."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. त्या टेबलाचा मेन चालूच होता. त्यांनी जाऊन तो स्वतःच्या हाताने पाडला. खरं सांगायचं तर पुढे पाऊण तास लाईट आलीच नाही, त्यामुळे गुलाबभाऊंनी साहेबांचा जीव वाचवला असं काही म्हणता येणार नाही. गाव तसं म्हणतं, ती गोष्ट वेगळी.

"ऑगस्टमध्ये तुम्हाला मीच नापास केलं होतं ना?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. याच्यासाठीच."

साहेब कागदावर काहीतरी लिहीत राहिले.

परवाना एप्रिलच्या शेवटी टपालाने आला. टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराचा शिक्काही लागतो, म्हणून तो प्रेमराजशेठच्या दुकानात भरला गेला. शेठने सवयीने तो सुयशसाठी बाजूला ठेवला. गुलाबभाऊंनी हात लांब करून तो परत ओढला आणि शेवटच्या ओळीत सही केली. वहीत शेकडो वेळा गिरवलेली सही, पण वहीत चौकट कधी नव्हती, त्यामुळे 'बिऱ्हाडे'मधला शेवटचा 'डे' चौकटीबाहेर गेला. त्यांना दुसरा कागद हवा होता. शेठ म्हणाला, राहू द्या भाऊ, खरी सही अशीच असते. आयुष्यात शेठ एवढं बरं एकदाच बोलला असेल.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी विहार गच्च भरला. जीवराम आबांनी बटण दाबायचा मान गुलाबभाऊंना दिला. त्यांनी बटण दाबलं आणि काहीही झालं नाही. तेवढ्यात गावाचीच लाईट गेली होती. लोक इतके हसले की बाहेरची कुत्री भुंकू लागली. आबा म्हणाले, मेणबत्त्या आहेत, वंदना सुरू करा. गुलाबभाऊ उठले, मीटरजवळ जाऊन मेन पाडला, अंधारात कोणी पोरंबाळं कुठे हात घालतील म्हणून, आणि परत येऊन रांगेत डोळे मिटून बसले.

पंचशील चालू असताना बाहेर गल्लीतले टीव्ही एकदम बोलू लागले. गावात लाईट आली होती. विहारात मात्र अंधारच. लोक एकमेकांकडे पाहू लागले, कोणी म्हणालं वायरिंगच चुकलं. गुलाबभाऊ डोळे मिटून मुसावादा, म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, म्हणत होते. द्रौपदाबाईंनी बायकांच्या रांगेतून वाकून त्यांना कोपराने ढोसलं.

"मयुरीना बाबा, मेन तुम्हीच बंद करेल शे."

ते उठले. मेन वर केला. सगळा विहार एकदम उजळला, आणि मीटरच्या पेटीशेजारी आबांनी चिकटवलेली टेस्ट रिपोर्टची प्रत दिसू लागली. द्रौपदाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या तिथे गेल्या आणि बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागल्या: ता, र, तं, त्री, गुलाब तोताराम बिऱ्हा... मग त्यांचं बोट चौकटीबाहेर गेलेल्या 'डे'वर जाऊन थांबलं.

गुलाबभाऊ मागे उभे होते. बायकोला पुढचं वाचता येत नाही असं त्यांना वाटलं, म्हणून ते सांगायला गेले. पण तिला वाचता येत होतं. ती रडत होती.