बायसनच्या हाडाला गोधडी

पार उत्तर ध्रुवाकडच्या फेअरबँक्सला जायचं ठरलं ते पुतणीच्या आग्रहावरून. प्राजक्ता तिथे पीएच.डी. करत होती, आम्ही नवराबायको सांता क्लारात. नव्वदच्या दशकातला जुलै. सिएटलला विमान बदललं. भाड्याची गाडी घेणार असाल तर खडीच्या रस्त्यावर न्यायची परवानगी आधी विचारा; बहुतेकजण नाही म्हणतात. मी फोन करकरून हो म्हणणारा शोधला.

दुसऱ्या दिवशी तिघं सोन्याच्या खाणीकडे निघालो. पेट्रोलची टाकी शहरातच फुल करा. वाटेतले पॅनकेक ताटाएवढे, एकात दोघांचं भागतं.

खाणीत पाण्याच्या फवाऱ्याने गोठलेल्या मातीची भिंत वितळवत होते. त्यातून हिमयुगातल्या बायसनचं मांडीचं हाड डोकावत होतं. आणि वास! थिजलेले जंतू जागे होऊन कुजवायला लागले की असा वास सुटतो. मी कॉलेज पाहिलेलं नाही, पण निघण्याआधी लायब्ररीतलं या विषयावरचं मिळेल ते वाचून काढलं होतं.

जंतू हाडात बारीक बोगदे पाडत आतलं प्रथिन खातात. गोठण्याआधी त्यांनी किती खाल्लं, तेच प्राजक्ताला शोधायचं होतं. वाटेत हाड वितळलं तर जुनं नुकसान कुठलं आणि नवं कुठलं, हे खात्रीने सांगता येणार नाही. आणि इतकं अखंड हाड तिला त्या उन्हाळ्यात दुसरं मिळालं नव्हतं.

कूलरच्या पेटीत कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यात भिंतीतून सोडवलेलं हाड. टेप लावणार, तेवढ्यात सुनंदाने, माझ्या बायकोने, दह्याचा डबा पुढे केला.

"हा पण ठेव गं, आंबट होईल."

"काकू, नको! आधीचेच जंतू मला आवरत नाहीयेत!"

परतताना रस्त्याच्या कामापाशी अडकलो. थांबा म्हणून पाटी धरलेली बाई, पुढे डांबराची वाफ, गाडीवर रणरणतं ऊन. कोरड्या बर्फाचा वायू बंद गाडीत जीव घेऊ शकतो, म्हणून काचा उघड्या. डास आत, उकाडा आत. आणि अचानक तोच वास.

"काका, वितळतंय!" प्राजक्ताचा हात टेपवर गेला.

"हात लावू नकोस. उघडलंस की उरलीसुरली थंडी गेली."

"मग बघायचं कसं?"

"बघायचंच नाही."

खाणीतल्या चिखलाने माखलेले बूट काढून मी गाडीबाहेर ठेवले. वास कमी झाला, पण गेला नाही. मग प्राजक्तासाठी आणलेली गोधडी ओढून कूलरभोवती गुंडाळली.

"अहो, माझ्या साड्यांची आहे ती! आणि गोठलेल्याला ऊब कसली देताय?"

"गोधडी ऊब तयार करत नाही, सुनंदा. बाहेरची उष्णता अडवते."

"काकू, प्लीज. मी ड्राय क्लीन करून घेईन."

पाटीवाली बाई डोकावली. "बाळ आहे का आत?"

"नाही, फार म्हातारं आहे," मी म्हणालो. हसलं कुणीच नाही.

वाट मोकळी झाल्यावर मी गाडी पळवली नाही. खड्ड्यात कूलर उलटला असता तर संपलंच. मागे प्राजक्ता त्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती.

प्रयोगशाळेत तिने हातमोजे घालून टेप कापली. बर्फाचा मूठभर भुगा उरला होता. चिमट्याने तिने एक टोक टोचलं. मऊ. तिचा चेहरा पडला. मग मधोमध टोचलं. टक्क.

"टोक कापून टाकते," ती म्हणाली. "मधलं शाबूत आहे." आणि तिथल्या स्टुलावरच बसली.

तिकडचा प्रसिद्ध डेनाली पर्वत पूर्ण वेळ ढगात होता. लोक हसतात, एवढ्या लांब जाऊन पाहिलंत काय? आम्ही घरी परतल्यावर काही आठवड्यांनी प्राजक्ताचा फोन आला होता. "काका, मधले बोगदे अर्ध्यातच थांबलेत. जुने आहेत, शंकाच नाही." म्हणजे थंडीने जंतूंना भरल्या ताटावरून उठवलं होतं. ते ताट आम्ही तसंच्या तसं पोचवलं.